वाफ्यातली कोथिंबीर

मेघाच्या पाखरांचं सासरी कोणाला कौतुक नव्हतं. धुळ्याहून पारोळ्याकडे निघालं की रस्त्याला लागूनच गाव. घर शेतकऱ्याचं, गोठ्यात म्हशी, दारात ट्रॅक्टर. अशा घरात जे दूध देत नाही, नांगराला लागत नाही, ते पोसायचं कशाला? नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे जेठ, हिलालभाऊ हा प्रश्न येता-जाता विचारत. "या पाखरेस्ना काय उपेग शे?" पण विचारत ते भिंतीला. जेठानं भावजयीशी आणि भावजयीनं जेठाशी तोंडानं बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. लग्नाला नऊ वर्षं झाली, भाऊंसमोर मेघाचा डोक्यावरचा पदर कधी घसरला नव्हता. काही सांगायचं असलं तर ती नवऱ्याला सांगे आणि कुंदन ते भाऊंना सांगे. तिघं एकाच खोलीत उभे असले तरी निरोप हाच फेरा घालून जायचा. बाहेरच्याला हसू येईल, पण घरातल्या कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

ही पाखरं म्हणजे बजी. गाव त्यांना लव्हबर्ड म्हणतं. पिवळी, हिरवी, निळी, मुठीत मावतील एवढाली. मागच्या पडवीत जाळीचा मोठा पिंजरा होता. त्यात आडवी टांगलेली मडकी, आणि जोडी जमली की मादी त्यातलं एखादं मडकं बळकावून अंड्यांवर बसायची. त्या दिवसांत जवळजवळ प्रत्येक मडक्यात पिलं होती. एका मडक्यातली मादी मात्र अंडं अडकून मेली आणि तिची तीन उघडीनागडी पिलं मेघाच्या गळ्यात पडली. बुटाच्या खोक्यात कापूस, वर पिवळा बल्ब, आणि थोड्या थोड्या वेळानं सिरिंजनं कोमट पेज. गळ्याखालची पोटली फुगली की हात आवरायचा. एक थेंब जास्त झाला तर तो श्वासात जातो आणि पिलू हातातल्या हातात गुदमरतं. एवढं करून वर टोमणे खायचे. पण मेघा कोणाचं ऐकून गप्प बसणारी असली तरी ऐकून सोडून देणारी नव्हती.

त्या रविवारी भाऊंच्या मुलीला, वृषालीला, बघायला असोद्याचे पाहुणे येणार होते. निरोप आला आदल्या संध्याकाळी, आणि भाऊंनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं, शेतात भरीत करू. असोदा भरिताच्या वांग्यांसाठी नावाजलेलं, असोदेकरांना भरीत खाऊ घालायचं म्हणजे गवळ्याला ताक पाजण्यातला प्रकार. पण भाऊंना आपल्या वांग्यांचा गर्व होता, आणि गर्वापुढे शहाणपण कुठलं टिकतं?

सकाळी मोठ्या जाऊबाई, सुनंदाअक्का, म्हणाल्या, "कोथमीर घरनीच तोड वं, गावनी नको." खळ्यामागे घरखाण्यापुरता एक वाफा होता. मेघानं तिथून पाटीभर कोथिंबीर तोडली, धुतली, निवडली. पानांचा डबा अक्कांबरोबर शेतात गेला. डेखं, म्हणजे देठं, आणि उरलेली मूठ-दोन मूठ पानं तिनं पिंजऱ्यात टाकली. पिलं पोसणाऱ्या जोड्यांना हिरवं लागतंच. आईबाप ते खातात आणि पोटातून काढून पिलांना भरवतात. नुसती झुंबड उडाली. मग कुंदन, मेघाची सहा वर्षांची मयुरी, वृषाली, सगळी ट्रॅक्टरवर बसून शेतात गेली. मेघा मागे राहिली. खोक्यातल्या पिलांना भरवून, दह्याचं भांडं घेऊन ती वृषालीच्या स्कूटीवर मागून येणार होती.

तिनं पिलांना भरवलं, खोकं झाकलं, दह्याच्या भांड्याला फडकं बांधलं आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की घर शांत आहे.

बजी कधी गप्प बसत नाहीत. मांजर आलं तर ओरडतात, भांडी वाजली तर ओरडतात, काही झालं नाही तरी ओरडतात. मेघा पडवीत गेली. पिंजऱ्याच्या तळाशी दोन पाखरं पडली होती. एक हललं नाही. दुसऱ्याचे पंख पसरलेले, मान वाकडी, अंगाला बारीक कापरं, आणि चोचीशी फेस. तिच्या डोळ्यांदेखत वरच्या काठीवरचा निळा नर पुढे झुकला आणि खाली कोसळला.

तिनं दार उघडून मडक्यात बोटं घातली. पहिल्या मडक्यात मादी पिलांवर पंख पसरूनच मेली होती. तिच्याखालची पिलं अजून ऊन होती, पण मान धरत नव्हती. एवढ्या लहान पिलाची कातडी कागदासारखी असते, गळ्यातलं सगळं बाहेरून दिसतं. पोटली भरलेली होती. आतलं हिरवं दिसत होतं.

साथ आली म्हणावी तर साथ अशी तासाभरात येते का? तेवढ्यात आतल्या खोलीतून चिवचिव ऐकू आली. खोक्यातली तिन्ही पिलं भूक नसताना उगाच ओरडत होती. आणि कोपऱ्यात वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलेला लंगडा नर मजेत राळा फोडत बसला होता. वारा सगळ्यांना एकच, पाणी सगळ्यांना एकाच माठातलं. मग या चौघांना काय मिळालं नव्हतं?

खाली तळाशी कोथिंबिरीची डेखं पडली होती.

तिला आधी पाखरांचंच वाईट वाटलं. मग डबा आठवला. पानांनी गच्च भरलेला, अक्कांच्या हातात दिलेला डबा. भरिताला वरून कोथिंबीर घालतात ती कच्चीच घालतात, आणि आमच्याकडे घालताना कोणी हात आखडत नाही. मयुरीला भरीत जीव की प्राण.

तिनं कुंदनला फोन लावला. तो बाजूच्या खोलीत चार्जिंगवर वाजला. अक्कांचा वाजून वाजून बंद पडला. वृषालीला तर पाहुण्यांपुढे फोन हातात धरायची बंदीच होती. भाऊंना फोन लावायचं तिच्या मनातही आलं नाही. मेघानं एक मेलेलं पाखरू फडक्यात गुंडाळलं, स्कूटीला चावी लावली, आणि दह्याचं भांडं तिथंच राहिलं.

पाटाच्या कडेची ती वाट एरवी किती लहान वाटते. त्या दिवशी संपता संपेना. एकदा चाक गाळात गेलं, एकदा समोर बैलगाडी आली आणि ती वळेस्तोवर मेघा ओरडायलाही विसरली. डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, मयुरी पहिल्या पंगतीला बसते. तिला दम निघत नाही. वाढायच्या आधी तिचा हात पानावर जातो. मेघानं कुलदेवीला नवस बोलून टाकला, काय बोलली ते तिचं तिलाही नंतर आठवलं नाही.

विहिरीजवळ निंबाच्या सावलीत केळीच्या पानांवर पंगत बसली होती. पाहुण्यांतले वडीलधारे आधारआबा मधोमध, शेजारी भाऊ. भरीत वाढून झालं होतं, तेलानं चमकत होतं, आणि वर हिरवीगार कोथिंबीर. अक्का ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या वाढत शेवटच्या पानापर्यंत आल्या होत्या. श्लोक चालू होता, म्हणून सगळे थांबले होते. टोकाच्या पानावर मयुरी. तिचा हात पुरीवर होताच.

मेघानं स्कूटी पाडली की लावली कोण जाणे. तिनं जाऊन आधी मयुरीचा हात धरला आणि पान उलटं केलं. पोर रडायला लागली. श्लोक थांबला.

"मेघा, येडी व्हयनी का तू?" अक्का म्हणाल्या.

"कोनी खावू नका," मेघा म्हणाली. "कोथमीरमा काहीतरी शे. मना पाखरे मरी ग्यात. पिंजरामातला बठ्ठा." तिनं फडकं सोडून पाखरू जमिनीवर ठेवलं.

वृषालीचा चेहरा पांढरा पडला. पाहुण्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आधारआबा मात्र हसले. "अवो बाई, असोद्याच्या माणसाले भरिताचं भेव दाखवता का?" त्यांनी वातावरण हलकं करायला म्हटलं, पण कोणी हसलं नाही.

भाऊंचं तोंड लाल झालं होतं. मुलगी बघायला आलेल्या माणसांसमोर घरची सून पंगतीत पानं उलथी करते, मेलेलं पाखरू आणून ठेवते! ते मेघाकडे न बघता म्हणाले, "कुंदन, सांग तिले, पाखरे वारा लागीसन बी मरतस. घर जावाले सांग." मग पाहुण्यांना म्हणाले, "आबा, चालू करा. मीच पहिला घास लेस." त्यांनी पुरीचा तुकडा मोडला, त्यावर चांगलं बोटभर भरीत घेतलं.

कुंदन उठून मेघाकडे आला. त्याला काय करावं कळत नव्हतं. "भाऊंना विचारा," ती त्याला म्हणाली आणि तिथंच तिला कळलं की तो विचारणार नाही. मोठ्या भावाला चारचौघांत उलट विचारायची त्याची छाती नव्हती. निरोपाचा तो नेहमीचा फेरा आज तिथंच बंद पडला होता. भाऊंचा घास हनुवटीपर्यंत पोचला होता. मेघा पुढे झाली, त्यांच्या पानासमोर उभी राहिली आणि त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली,

"भाऊ, तुम्ही कोथमीरवर काही मारेल शे का?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा. भाऊ रागावून तिच्याकडे बघणार होते, बघितलंही. पण बघता बघता त्यांचे डोळे तिच्यावरून सुटून कुठेतरी लांब गेले. हात जिथल्या तिथं थांबला. घास तोंडात गेला नाही आणि खालीही आला नाही. पंगतीतली सगळी माणसं त्या हाताकडे बघत होती. मग तो हळूच खाली आला आणि घास पानावर ठेवला गेला.

"परवा हरभराले फवारा मारेल व्हता," भाऊ म्हणाले. आवाज अगदी बारीक. "पंपमा जराखं उरेल व्हतं. फेकी कशाले द्यावं म्हनीसन कोथमीरवर मारी दिधं. मावा पडेल व्हता. मी इसरी गऊ."

त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. पंपात उरलेलं औषध टाकून द्यायला जीव होत नाही, हे त्या पंगतीतल्या प्रत्येक शेतकऱ्याला आपल्या घरचं ठाऊक होतं. आधारआबांनी आपलं पान उचलून उलटं घातलं. मग एकेक करत सगळ्यांनी.

मेघा मटकन खाली बसली. वेळेवर आले, वेळेवर आले, एवढंच तिच्या मनात चाललं होतं. मयुरी तिच्या मांडीत शिरली आणि हुंदके देत म्हणाली, "आई, मी खादी ना एक पुरी. मोठी मायनी दिधी. भूक लागेल व्हती."

अक्कांच्या हातातली पुऱ्यांची टोपली खाली पडली. "भरीत लाईसन दिधी व्हती," त्या म्हणाल्या. "रडी राह्यंती ती."

पुढचं सगळं मेघाला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. पाहुण्यांची गाडी, आबांचा मुलगा गाडी हाकतोय, कुंदन पुढे, मयुरी मांडीवर. मयुरीच्या तोंडाला लाळ येते का, हात कापतात का, मान धरते का. पिंजऱ्यात बघितलेलं एकेक लक्षण ती पोरीच्या अंगावर शोधत होती. मयुरीला गाडीत मळमळलं, आणि मेघाला वाटलं, आता ही गेली.

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोट धुवायला घेतलं. "औषध कोणतं होतं?" त्यांनी विचारलं. "बाटलीचा फोटो मागवा, लगेच." कुंदननं मेघाच्या फोनवरून कळवलं, आणि भाऊ शेतातून तसेच घराकडे पळाले. फोटो आला. डॉक्टरांनी तो बघितला, मयुरीचे डोळे पुन्हा तपासले, सलाइन लावलं आणि म्हणाले, फार गेलेलं दिसत नाही, पण रात्रभर इथंच ठेवू. दिसत नाही म्हणजे काय, हे विचारायची मेघाची हिंमत झाली नाही. ती पोरीच्या छातीवर तळवा ठेवून बसली. श्वास वर आला की तिचा हात वर येई, खाली गेला की तिला पुढच्याची धास्ती.

अंधार पडता पडता तिचा फोन वाजला. नंबर भाऊंचा होता. त्यांनी तिला फोन कधीच केला नव्हता.

भाऊ म्हणाले, "मयुरी कशी शे?"

"झोपेल शे. डॉक्टर म्हनतस, सकायलोंग बघू."

भाऊंच्या पाठीमागून तिला बारीक चिवचिव ऐकू आली.

"ह्या खोकामातला तिन्ही चोच वासी राह्यनात," भाऊ म्हणाले. "पेज कोमट करेल शे मी. सिरिंज हातमा शे. पन हात थरथरी राह्यना, मेघा. मना हातमा ह्या बी मरी ग्यात ते?"

मेघानं दुसऱ्या हातानं मयुरीचा श्वास चाचपला. तो होता.

"एक थेंब टाका, भाऊ," ती म्हणाली. "तो गिळू द्या. मग दुसरा. मी फोन ठेवत नही."