खिडकीखालचा रस्ता

“बा, मारू का शिट्टी? एकदाच.”

सोपानने हे सकाळपासून सातव्यांदा विचारलं होतं. धोंडिरामने समोरच्या रस्त्यावरची नजर काढली नाही.

“शिट्टीला वाफ लागती, गड्या. मिरजंत मारायची. आईच्या खिडकीखाली. तवा तूच मार.”

“लय जोरात?”

“दवाखान्याची कौलं हालली पायजेत.”

वाफेच्या रोलरमागे जोडलेल्या पत्र्याच्या गाडीत अकरा वर्षांची पारू ज्वारी निवडत होती, ती खुदकन हसली. आई मिरजेला जाऊन पाच महिने झाले होते आणि तेव्हापासून घराची कारभारीण पारूच. आई, येसू, डावखुरी. ती भाकरी डाव्या हाताने थापायची, म्हणून तिचं बघून शिकलेली पारूही डाव्याच हाताने थापायची. धोंडिराम ते बघत जेवायचा.

चौदा वर्षं तो बांधकाम खात्याच्या रोलरवर होता. कोयनेकडच्या घाटापासून कराडपर्यंत खडी दाबून दाबून त्याने रस्ते तळहातासारखे गुळगुळीत केले, आणि त्याच रस्त्यांवरून एष्ट्या, ट्रका, वऱ्हाडाच्या बैलगाड्या, एवढंच काय, घाईतल्या म्हशीसुद्धा त्याला मागे टाकून गेल्या. ताशी तीन मैल हा रोलरचा वेग होता आणि माणसाचाही तोच. मागून हॉर्न आला की तो नेमाने कडेला घ्यायचा आणि वर हात करायचा, जसं काही पाहुण्याला पुढे घालतोय.

छातीच्या रोगाच्या वॉर्डात बारा वर्षांखालच्या पोरांना सोडत नसत. मागच्या भेटीत येसू म्हणाली होती, “आवं, लांबनं तरी दावा पोरं. माज्या खिडकीतनं रस्ता दिसतो.” रजेचा अर्ज दोनदा परत आला. आणि मग एके दिवशी साहेबाने हुकूम दिला की कराडचा रोलर मिरजेला पोचवायचा. धोंडिरामला वाटलं, देव नसला तरी खातं आहे. त्याने पोस्टकार्ड लिहवून घेतलं: शुक्रवारी दुपारी बारा वाजता खिडकीत थांब. एष्टीतनं गेलेलं माणूस भुर्रकन जातं, रोलरवरची पोरं दोन फर्लांग दिसत राहतील. डोळे भरून बघ.

सोमवारी कराड सोडलं. रात्री पत्र्याच्या गाडीत निजायचं, पहाटे बायलर पेटवायचा, वाफ धरली की निघायचं. सोपान प्रत्येक मैलाचा दगड मोठ्याने वाचायचा, चुकीचा. बुधवारी दुपारी इस्लामपूर मागे पडलं आणि आष्टा पाच-सहा मैल राहिलं असताना बायलरचं पाणी तळाला गेलं.

रस्त्यालगत विहीर होती. काठावर नानासो नावाचा एक गृहस्थ बैल धूत होता. त्याने आधी नाव विचारलं, मग गाव. मग गावात वस्ती कुठल्या अंगाला, हे विचारलं. तिसरं उत्तर ऐकल्यावर त्याने हातातली बादली खाली ठेवली.

“रोलरला पानी देऊ की. सरकारी हाय. पर तुमी हात लावू नगा. आमची मानसं वढतील.”

“मानसं कुठं हायत?”

“उसाला गेल्यात. येतील सांजच्याला.”

धम्माची दीक्षा घेतल्याला आठ वर्षं झाली होती. धोंडिरामच्या तोंडापर्यंत बरंच काही आलं. पण गाडीत पोरं होती, पुढे शुक्रवार होता. तो बाभळीखाली जाऊन बसला.

वीस पावलांवर ओढा वाहत होता, गढूळ, पण वाहत होता. पारूने फडक्यातून गाळून सोपानला पाजलं, स्वतः प्यायली, आणि कळशी घेऊन बापाकडे आली.

“बा, ह्येच भरू की. तासाभरात भरंल.”

“गाळ हाय त्यात. नळ्या तुंबतील. चौदा वर्सांत ह्येच्या पोटात मी गढूळ थेंब घातला न्हाई.”

“आन आमच्या पोटात?”

धोंडिरामने रोलरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “तू लय बोलतीस,” तो म्हणाला.

माणसं सांजेला आली नाहीत. ती दुसऱ्या दिवशी बारा वाजता आली, बादल्या ओढल्या, हसत हसत ‘जावा आता रामराम’ म्हणाली. विझलेला बायलर पुन्हा तापेपर्यंत ऊन कललं. आष्ट्यात पोचले तेव्हा दिवे लागले होते.

शुक्रवारी सकाळी आष्ट्याच्या फाट्यावर सांगलीची एष्टी उभी होती. पारूने सोपानचे केस पाण्याने चप्प बसवले होते.

“बा, आमी दोगं हिनं जातो. फुडं मिरजंची धरतो. बारालाच खिडकीखाली हुबं ऱ्हातो. तू ये मागनं.”

“एवढीशी पोरं एकटी धाडू व्हय? आन सोपानची शिट्टी?” धोंडिरामने फावडंभर कोळसा आत टाकला. “एक दीस हिकडं तिकडं. आई कुठं जातीया.”

एष्टी धूळ उडवत गेली. त्याने हात वर केला.

शनिवारी दुपारी मिरज आली. दवाखान्याच्या भिंतीआड, खिडकीतून दिसणार नाही अशा बेताने त्याने रोलर थांबवला. “येसूला खिडकीत हुबी करून येतो,” म्हणाला आणि पाय झाडून आत गेला.

कोपऱ्यातल्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवली होती. शेजारच्या खाटेवर हाडांची काडी झालेली एक बाई बसली होती. सुलाबाई. मागच्या भेटीत येसूने तिची ओळख करून दिली होती. तिच्या मांडीवर येसूची तांबड्या चौकड्यांची शाल होती.

“काल,” सुलाबाई म्हणाली. “सकाळपास्नं खिडकीला हुबी व्हती. बस म्हनलं तर बसंना. बाराची येळ दिलीया म्हनायची. चारला आमीच धरून निजवली. दिवं लागायच्या वक्ताला गेली.” मग म्हणाली, “मागल्या खोलीत ठेवलीया. कराडला तार केलीया म्हनं.”

धोंडिरामने गादीची गुंडाळी उगीच सरळ केली. एक टोक सुटलं होतं, ते आत खोचलं.

“पोरं कुठं हायत?” सुलाबाईने विचारलं.

“भाईर. रोलरवर.”

सुलाबाईने खिडकीकडे पाहिलं. मग शाल डोक्यावरून घेतली, कपाळापर्यंत ओढली आणि भिंतीला धरून उठली.

“जावा तुमी. मी हुबी ऱ्हाते.”

तो बाहेर आला. सोपान दोरीला हात घालून तयारच होता. “उठली का आई?”

“मार शिट्टी,” धोंडिराम म्हणाला.

सहा दिवसांची साठवलेली शिट्टी होती ती. झाडावरचे कावळे उडाले, टांगेवाल्याचं घोडं बिचकलं. रोलर भिंतीआडून निघाला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत तांबडी शाल दिसली. शालीतून एक हात वर आला.

“आई! पारे, ती बघ. वाळलीया गं लय.”

पारूने दोन्ही हात उंच केले होते. खिडकीतला हात उजवा होता. तिकडे बघता बघता पारूचे हात तसेच राहिले, मग हळूहळू खाली आले. तिने बापाच्या पाठीकडे पाहिलं. ती पाठ वळली नाही. मग तिने सोपानला कडेवर उचलून घेतलं, त्याचं मनगट धरलं आणि वर केलं.

“हालव,” ती म्हणाली. “आजून हालव. ती बघतीया.”

मागून एष्टी आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला, मग आणखी लांबवून दिला. धोंडिराम रस्त्याच्या मधोमध होता. त्याने वाफ आणखी कमी केली. हॉर्न वाजत राहिला. धोंडिरामने कडेला घेतलं नाही.