उजेडाच्या चौकशीला गेलेली जीप

मित्रांनो, मी एक जुनी काळीपिवळी जीप आहे. कारखान्याने मला नऊ माणसांसाठी बनवलं, पण धाड गावच्या बाजाराच्या दिवशी सोळा बसल्याशिवाय मला कोणी हलू दिलं नाही. मांडीवर कोंबड्या, टपावर मेथीच्या जुड्या, मागच्या पायरीवर लोंबकळणारे दोघे-तिघे. नवी होते तेव्हा माझं कौतुक फार. शेगावला दर्शनाला जायचं ठरलं की लोक मलाच बोलवायचे आणि बॉनेटला झेंडूचा हार घालायचे.

वय झालं, तसा हार गेला आणि तार आली. माझा डावा दिवा बैलगाडीला धडकून फुटला. उजवा खिळखिळा झाला, तो हरिओमने तारेने बांधला. हरिओम म्हणजे माझा मालक आणि ड्रायव्हरही. बांधलेला दिवा रस्त्याकडे कमी आणि आभाळाकडे जास्त बघायचा. त्यात याने स्वस्तातला निळसर बल्ब बसवला. "चालते बे," म्हणाला, आणि विषय संपला.

अनोळखी माणसं वाहून वाहून मी संशयी झाले आहे. पिशवी पोटाशी घट्ट धरणारा, गावाचं नाव न सांगता "पुढं उतरतो" म्हणणारा, सगळ्यांवर माझ्या आतल्या आरशाची नजर असते. हरिओमवरही होती. त्याचं गाव टेकडीवर. टेकडीवरून नवा रस्ता होत होता, पण तो अजून वाहनांना बंद होता, तोंडाशी दगड लावलेले. दिवाळीपासून हरिओम पायथ्याच्या गावात शेवटचा उतारू सोडायचा, इकडेतिकडे बघून दोन दगड सरकवायचा आणि मला रिकामीच त्या रस्त्याने घरी न्यायचा. लोकांना मात्र सांगायचा, "जुन्याच रस्त्यानं जातो."

त्याच पायथ्याच्या गावात डिंपल नावाची तरुण सून राहते. एका संध्याकाळी ती दीड वर्षाच्या काजलला अंगणात भरवत होती. थंडीचे दिवस, सगळीकडे धुई म्हणजे दाट धुकं उतरलेलं, टेकडी दिसेनाशी झालेली. डिंपलला आभाळात एक निळा उजेड दिसला. तो हळूहळू सरकला, विझला, पुन्हा वर दिसला. तिने घाबरून लेकराला आत नेलं आणि जे दिसलं ते घरात सांगितलं. तेवढंच.

सकाळपर्यंत त्या उजेडाला लोकांनी नाव देऊन टाकलं, प्रसेनजित. गावात खोली घेऊन राहणारा हा पोरगा ड्रोनने पिकांवर फवारणी करायचा.

"फवारणीचं नाव, अन् घरं पाहून ठेवते तो," एक म्हणाला.

"लेकरांवर नजर असंन त्याची," दुसरी म्हणाली.

ड्रोन पंचायतीच्या खोलीत कुलपात गेला. डिंपल काही बोलली नाही. पण प्रसेनजित दारावरून गेला की तिचा हात आपोआप काजलला आत ओढायचा.

त्याच दिवशी दुपारी चौकशीला जमादार देवानंद आले. चौकीची गाडी बाहेर गेलेली, म्हणून ते माझ्यातच बसून आले. संध्याकाळी अख्खं गाव चौकात माना वर करून उभं होतं. त्यांच्या मधोमध मी, इंजिन बंद, दिवा बंद. उजेड काही आला नाही.

"पाह्यलं काय साहेब?" डिंपलची सासू पुष्पाबाई म्हणाली. "ड्रोन कुलपात, उजेड बंद! आता अजून काय पुरावा पाह्यजे?"

"मावशी, माह्या ड्रोनले एवढा लाइटच नाही," प्रसेनजित म्हणाला.

"मंग काय चांदोबा उतरला होता?"

लोक हसले. परवा सकाळी याची खोली रिकामी करायची, असं तिथेच ठरलं. खरं सांगते, तो पोरगा मलाही खटकला. फारच नरमाईने बोलत होता.

तरीही डिंपलची भीती जाईना. दुसऱ्या संध्याकाळी ती काजलला घेऊन माहेरी निघाली. तिचं माहेर हरिओमच्याच गावात. हरिओमने दगड सरकवले. "जवळून नेतो पोरी. पण सांगू नको कोनाले."

आम्ही पहिलं वळण चढलो आणि तिचा फोन वाजला.

"डिंपल, आला वं तो उजेड!" पुष्पाबाई ओरडत होती. "त्या पोट्ट्याजवळ दुसरा ड्रोन हाय, म्या म्हटलंच होतं!"

डिंपलने खिडकीतून मान बाहेर काढली. वर बघितलं, खाली बघितलं. कुठेच काही नव्हतं. होती ती फक्त माझ्या दिव्यासमोर उजळलेली निळी धुई. तिने ती बराच वेळ पाहिली.

"काका, गाडी थांबवा. लाइट बंद करा."

"काऊन? दरीत घालू काय?"

"थांबवा तं खरं."

मी थांबले. दिवा गेला.

"गेला वं!" फोनमधून आवाज आला. "तुले भ्याला काय तो?"

"आता लावा, काका."

"आला, आला!"

डिंपलने आणखी एकदा दिवा घालवायला आणि लावायला सांगितलं. मग फोन खाली घेतला. हरिओमचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले.

"पोरी, हे बोलू नको. रस्ता बंद हाय. माही गाडी जमा होईन."

माझा पत्रा न् पत्रा म्हणत होता, नको बोलूस. आजवर मी दुसऱ्यांवर संशय घेत आले होते, आणि ज्याची चौकशी चालली होती तो उजेड माझाच निघाला.

"काका, उद्या सकाळी त्या पोराले गावातून काढून राह्यले," डिंपल म्हणाली. "गाडी मागं फिरवा."

हरिओमने मोठा श्वास सोडला आणि मला वळवलं. टेकडी उतरताना गाव आमच्याकडेच बघत होतं. चौकात शिरले तेव्हा माणसं काठ्या घेऊन उभी होती. मी पंचायतीच्या दारासमोर थांबले. डिंपल काजलला कडेवर घेऊन उतरली.

"घ्या, उजेड आणला तुमचा. हात लावून पाहा."

कुणीच पुढे आलं नाही. मग पुष्पाबाई म्हणाली, "मी तं पह्यलेच म्हणत होती, पोरगा गरीब हाय." हसायचं कोणी धाडस केलं नाही.

कुलूप उघडलं. प्रसेनजितने ड्रोन उचलून छातीशी धरला. "ताई, तुम्ही तं फक्त उजेड पाह्यला म्हणून सांगितलं होतं."

"हाव. पण लोकांनी तुमचं नाव घेतलं, तेव्हा मी गप्प राहिली," ती म्हणाली.

प्रसेनजित गावातच राहिला. मला मात्र बंद रस्त्यावर चालल्याबद्दल चौकीच्या आवारात उभं केलं आहे. चाकांत गवत वाढलं आहे. शाळेत जाताना काही मुलं माझ्या उरल्या दिव्यावर खडे मारतात. मित्रांनो, खडे मारू नका. जमलं तर काचेवरची धूळ पुसा, आणि घरी गाडी असेल तर तिचा दिवा वेळेवर सरळ करून घ्या. आभाळात कधी काही दिसलं, तर दिसलं तेवढं जरूर सांगा. पण त्याला कोणी माणसाचं नाव चिकटवू लागलं, तर गप्प बसू नका. आणि तुम्हाला स्वतःलाच कुणाकडे बोट दाखवावंसं वाटलं, तर आधी माझ्यासारख्या एखाद्या जीपमध्ये बसून टेकडी चढून या.