अर्धी मांडी, साठ मैल

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, दिंडोरीच्या पुढे वणीच्या रस्त्यावर हळदीच्या रंगाची एक विलायती मोटार थांबली आणि सावळीराम आहेरने वहीत लिहिलं : ‘सव्वाचौदा.’

मग खाली रेघ मारली. बस डेपोत एकतीस वर्षं कंट्रोलरची नोकरी केलेला माणूस. रेघ मारल्याशिवाय घडलेली गोष्ट घडली असं त्याला वाटतच नसे.

“किती?” स्टिअरिंगवर बसलेल्या कोंडाजी गांगुर्डेने विचारलं.

“सव्वाचौदा सेकंद.”

“आणि गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात?”

“साडेनऊ.”

मागच्या सीटवर भिकनशेठ बसले होते. होते एकटेच, पण जागा दोघांची लागली होती. ते म्हणाले, “म्हंजे पुस्तक छापणारा खोटं बोलतो. माझी गाडी खोटं बोलणार नाय.”

भिकनशेठ पगारांचा सातपूरला पाइपांचा कारखाना होता. मुंबईत कुठल्याशा वकिलातीतल्या मोटारींचा लिलाव झाला, तिथून त्यांनी ही गाडी उचलली. दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल की काय अशी बुटकी, आणि क्लच नसलेली. दांडा ‘डी’वर ओढायचा, पाय दाबायचा, गिअर ती आपले आपण बदलणार. त्र्याऐंशी साली नाशकात अशी दुसरी गाडी नव्हती, आणि ही गोष्ट शेठ न विचारता सांगत.

रविवारी मुंबईच्या एका मोटार क्लबची मंडळी याच रस्त्यावर येणार होती. उभ्या गाडीपासून साठ मैलांचा वेग कोण किती सेकंदांत गाठतो ते मोजायचं, आणि दहाच्या आत येईल त्याचं नाव फळ्यावर लिहायचं. शेठना फळा हवा होता. स्वतः मात्र ते चाळिसाच्या वर गेलं की डोळे मिटून सप्तशृंगीचं नाव घेत. म्हणून त्यांनी वर्षापूर्वी निवृत्त झालेल्या कोंडाजीला ड्रायव्हर ठेवलं, आणि कोंडाजीने मोजणीसाठी सावळीरामला ओढलं. सेकंदाचे तुकडे दाखवणारं घड्याळ एका शाळेच्या कवायतीच्या मास्तरांकडून मागून आणलं.

शेठची अट एकच. “शनवारपातूर सावळीरामभाऊंच्या वहीत दहाच्या आतला आकडा पायजे. नायतर चावी आमच्या भाचेजावयाला. मुंबईहून तो येतोच हाय. काळा चष्मा हाय त्याच्याकडं.”

भाचेजावयाच्या गाडी चालवण्याबद्दल शेठना एवढीच माहिती होती. सावळीरामने तीही मनात टिपून ठेवली.

कोंडाजीला काय वाटलं ते सावळीराम ओळखून होता. अठ्ठावीस वर्षं कोंडाजीने सरकारी लाल गाडी चालवली. एकदाही कुणाला साधं खरचटलं नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला तो अजून इस्त्रीच्या सदऱ्यावर लावी. पण त्या लाल गाडीला वेगाचं कुलूप होतं, वर शिशाचं सील. पाय कितीही दाबा, ती ठरल्याच्या पुढे जात नसे. अठ्ठावीस वर्षं पाय अर्धाच दाबलेला माणूस. एकदा तो पुरता दाबावा आणि ते चार लोकांनी पाहावं, एवढंच त्याला हवं होतं. ते आता काळ्या चष्म्याकडे जाणार होतं.

बुधवारी गाडी हलकी करायचं ठरलं. जादा चाक काढलं, जॅक काढला, पायातले गालिचे काढले. डिकीत एक नारळ, गंगाजलाचा तांब्या आणि पाइपांचे नमुने निघाले. तेही काढले. आकडा आला पावणेचौदा.

“आता काय राहिलं काढायचं?” शेठ मागून म्हणाले.

पुढचे दोघेही समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिले.

“काढा की! संकोच कसला करताय?”

“शेठ,” सावळीराम शेवटी म्हणाला, “आपलं वजन किती असेल?”

शेठ रस्त्याच्या कडेच्या बाभळीखाली उतरून उभे राहिले. सावळीरामने वहीत लिहिलं : ‘सामान उतरवले, अर्धा सेकंद. शेठ उतरवले, पाऊण सेकंद.’ ते वाचून शेठ रागावतील असं त्याला वाटलं होतं. पण शेठनी ते दोनदा वाचलं आणि मान डोलावली. एवढ्या सामानापेक्षा आपण भारी ठरलो, याचं त्यांना समाधान वाटलेलं दिसलं.

गुरुवारी नाशकातल्या द्वारका चौकातल्या मल्हारी मेकॅनिकने प्लग बदलले, कार्ब्युरेटर साफ केला, टायरांत हवा वाढवली. साडेबारा. शुक्रवारी पुन्हा साडेबारा. तिसऱ्या फेरीलाही साडेबारा. मल्हारी पुढच्या चाकाजवळ वाकला आणि नाक वर करून म्हणाला, “भाऊ, इंजीन फर्स्टक्लास आहे. पण ब्रेक जळाल्याचा वास कसा येतो? सरळ रस्त्यावर ब्रेक लागतोय कशाला?”

“जुनी गाडी आहे, येत असेल,” कोंडाजी म्हणाला.

शेठनी सावळीरामला बाजूला घेतलं. “भाऊ, तुमी वहीत साडेनऊ लिवून टाका. पुढचं पुढं.”

“शेठ, रविवारी क्लबवाल्यांच्या हातात त्यांचं घड्याळ असेल.”

“ते लय दूर हाय. आज तर शुक्रवार हाय.”

परतीच्या वाटेवर कोंडाजीही बोलला, पण त्याचं बोलणं वेगळ्या घाटाचं. “नको लिहूस रे. तू तुझ्या बापाचीही वेळ बदलणार नाहीस. एकाहत्तर साली बघितलंय मी.”

एकाहत्तर निघालं की सावळीराम खिडकीबाहेर बघू लागे. आदल्या वर्षीच्या मेमध्ये डेपोने जाहीर केलं होतं की वर्षभर गाडी वेळेवर आणणाऱ्या चालकाला भिंतीवरचं घड्याळ मिळेल. कोंडाजी अकरा महिने निर्मळ. शेवटच्या महिन्यात चैत्रातल्या जत्रेची वणीची गाडी सावळीरामने चार मिनिटं उशिरा लिहिली. घड्याळ दुसऱ्याच्या भिंतीवर गेलं. कोंडाजी म्हणे, गाडी वेळेवर लागली होती. सावळीराम म्हणे, वेळ म्हणजे वहीतली वेळ. बारा वर्षं दोघांची मैत्री त्या चार मिनिटांसकट चालली होती.

कोंडाजीचं घर नाशिक रोडच्या वसाहतीत. समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि मध्ये एक रिकामा खिळा. लंकाबाईंनी चहा ठेवता ठेवता नेहमीचा वार केला. “किती वाजले हो भाऊजी? आमच्याकडे घड्याळ नाही, तुम्हाला माहीतच आहे.”

“पाच वाजून वीस मिनिटं, वहिनी.”

“यांना जरा सांगा की गाडीचं वेड कमी करा. मंगळवारपासून पलंगाच्या पायथ्याशी चादर फाटायला आली. झोपेत डाव्या पायाने पट्टी दाबतात. दाबली की घशातून घर्रर्र करतात, सोडली की गप्प. पुन्हा दाबतात. मला वाटतं मीच पाशिंजर आहे.”

“काहीतरी सांगू नकोस त्याला,” कोंडाजी म्हणाला.

पण सावळीरामचा कप बशीतच राहिला. “डाव्या पायाने? वहिनी, नक्की डाव्या?”

“मी भिंतीकडे झोपते. लाथ मलाच लागते. डावाच.”

शनिवारी सकाळी सावळीरामने तंबाखूची डबी काढली आणि कोंडाजी चाकातली हवा बघत असताना ब्रेकच्या रुंद पट्टीवर ओल्या चुन्याचा बोटभर पट्टा ओढला. आधी सांगितलं असतं तर पाय सावध झाला असता. कंट्रोलरच्या नोकरीत त्याला एवढं कळलं होतं.

गाडी सुटली. यावेळी काट्याकडे न बघता तो खाली बघत बसला. इंजिनाचा सूर चढला तसा कोंडाजीचा डावा पाय जागचा उठला, ब्रेकवर टेकला आणि परत गेला. त्याबरोबर उजवाही ॲक्सिलरेटरवरून हलका झाला. थोड्या वेळाने सूर पुन्हा चढला, पुन्हा तेच.

“थांबव. किती वेळा ब्रेक मारलास?”

“ब्रेक? वेड लागलंय का तुला? एकदाही नाही.”

“चप्पल काढ.”

कोंडाजीने डावी चप्पल काढून उलटी केली. तळाला चुना होता. त्याने त्या पांढऱ्या डागावरून बोट फिरवलं. कुणीतरी त्याच्या बिल्ल्यावरच चुना लावावा तसा चेहरा झाला त्याचा.

“गाडी गिअर मागत होती,” तो हळूच म्हणाला. “मी क्लच देत होतो.”

“तिला क्लच नाही.”

“मला माहीत आहे. पायाला कोण सांगणार?”

बाभळीखालून आलेल्या शेठनी सुचवलं की पाय सुतळीने सीटला बांधावा. कोंडाजीने त्यांच्याकडे असं बघितलं की शेठ परत बाभळीकडे गेले. सावळीरामला मात्र दुपारचं जेवण आठवलं. डेपोच्या आवारात कोंडाजी डबा खायला बसे तो एक पाय मुडपून, एक उभा ठेवून.

“कोंडाजी, जेवायला बसतोस तसा बस. डावा पाय खाली घे. अर्धी मांडी.”

“गाडी चालवताना?”

“मांडीखाली दाबलेला पाय क्लच कसा मारील? तो नाही उठला तर उजवाही उठणार नाही. अठ्ठावीस वर्षांची जोडी आहे त्यांची.”

कोंडाजीने काढलेली चप्पल परत घातलीच नाही. पाय मुडपून बसला. सावळीरामने आधी त्याला चार वेळा उजव्या पायाने गाडी थांबवायला लावली, मगच घड्याळ हातात घेतलं.

“सोडा!”

गाडीने जी झेप घेतली ती सावळीरामच्या वहीला माहीत नव्हती. वही मागच्या सीटवर गेली. सूर चढला, गाडीने आपला आपण गिअर बदलला, पुन्हा चढला, आणि काटा साठावर टेकला.

सव्वादहा.

शेठनी आकडा ऐकला आणि हात पुढे केला. “लय केलंत. पण दहाच्या वर हाय. बोली ती बोली. चावी द्या.”

कोंडाजीने चावी काढली. पण दिली नाही. “शेठ, एक मिनिट. आज याने माझा पाय बघितला. तसा मीही याचा अंगठा बघितला. सावळीराम, तू आधी घड्याळ दाबतोस आणि मग ‘सोडा’ म्हणतोस.”

“मग? गाडी सोडण्याआधी वेळ टिपायची असते. डेपोत आधी वही, मग शिट्टी.”

“आणि तुझ्या ‘सोडा’नंतर माझा पाय खाली जाईपर्यंत? तेवढा वेळ गाडी उभीच असते. ती माझी वेळ का तुझी?”

सावळीरामला हे खोडून काढायचं होतं, पण त्याच अंगठ्याने त्याला भलतीकडेच नेलं. गाडी सुटायची तेव्हा वेळ त्याच्या वहीची. आणि गाडी यायची तेव्हा? चालक खिडकीशी येऊन सही करी, त्यावेळी तो घड्याळाकडे बघे. चाक कधी थांबलं ते त्याने एकतीस वर्षांत कधी बघितलंच नव्हतं. जत्रेच्या दिवशी कोंडाजी उशिरा आला तो खिडकीशी. टपावरून एका म्हातारीच्या टोपल्या उतरवून देत होता. हे कोंडाजीने तेव्हाच सांगितलं होतं, आणि सावळीरामने ते वहीत जागा नाही म्हणून सोडून दिलं होतं.

आता हो म्हटलं तर चावी राहत होती, पण एकाहत्तरची चार मिनिटं जात होती. नाही म्हटलं तर एकतीस वर्षांच्या रेघा जागच्या जागी राहत होत्या.

“मी काहीच म्हणणार नाही,” तो शेवटी म्हणाला. “पाठ सीटला टेकली की दाबीन. गाडी हलल्याशिवाय पाठ टेकत नाही.”

गाडी हलली, पाठ टेकली, अंगठा दाबला. काटा साठावर.

“किती?” दोघांनी एकदम विचारलं.

सावळीरामने आधी लिहिलं, रेघ मारली, मगच तोंड उघडलं. “पावणेदहा.”

रविवारी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं जमली. वणीला निघालेली मंडळीही थांबली. काळ्या चष्म्याचे भाचेजावई गाडीला टेकून फोटो काढून घेत होते. क्लबच्या गृहस्थांनी काचेतून आत डोकावलं. “ये क्या, खाना खाने बैठा है?”

“हमारे यहाँ ऐसेच बैठते हैं,” शेठ बाभळीखालून अभिमानाने ओरडले.

लंकाबाई नवी साडी नेसून सावळीरामजवळ उभ्या होत्या. निशाण पडलं. पिवळी गाडी गेली, आणि क्लबवाल्यांनी आकडा पुकारला : नऊ पूर्णांक सात. शेठनी स्वतः खडू मागून घेतला. फळ्यावर आपलं नाव लिहिलं, मग थोडा विचार केला आणि खाली जरा बारीक अक्षरात ‘चालक : कोंडाजी गांगुर्डे’ असंही लिहिलं.

चालक मात्र परत येईना. बाकीच्या गाड्या मोजणी संपली की वळून येत. पिवळी गाडी साठाच्याही पुढे लहान लहान होत वणीच्या दिशेने गेली होती. बारा मिनिटांनी आली.

“कुठे होतास?” सावळीरामने विचारलं.

“पाय खाली होता,” कोंडाजी म्हणाला. त्याचे केस उभे राहिले होते आणि बिल्ला वाकडा झाला होता. “उचलायचा राहून गेला.”

सावळीरामने खिशातून दुसरीच वही काढली. जुनी, पिवळी पडलेली, एकाहत्तरची. त्यातलं चैत्रातलं पान उघडून त्याने एका ओळीवर बारीक काट मारली आणि बाजूला लिहिलं : ‘वेळेवर.’ सही केली, आजची तारीख घातली आणि पान कोंडाजीपुढे धरलं. कोंडाजीने वाचलं. त्याने वही बायकोच्या हातात दिली आणि गाडीच्या आडोशाला जाऊन काढलेली चप्पल शोधू लागला.

लंकाबाईंनी ते पान उलटसुलट करून बघितलं.

“छान लिहिलंय, भाऊजी. पण आता हे मी खिळ्याला टांगू का?”