आखूड फांद्या

“बुरशीच आहे, तुमच्या दादांच्या फुफ्फुसात,” डॉक्टर म्हणाले. “रक्तात तिच्या आवरणातली साखर सापडलीय.”

तिने नुसती मान डोलावली. ती साखर तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. उभा जन्म तिने याच बुरशीच्या आवरणातला एक रेणू उलगडण्यात घातला होता. मधे प्रथिन आणि त्याला लोंबणाऱ्या, फांद्या फुटलेल्या साखरेच्या साखळ्या. कुठल्या साखरेने कुठल्या साखरेचा हात धरलाय, ते शोधायचं. लग्नही त्यातच राहून गेलं.

आईवडील लवकर गेले. मोटारी दुरुस्त करून दादाने तिला वाढवलं, शिकवलं. आता कर्करोगाच्या औषधांनी त्याच्या अंगात काही उरलं नव्हतं, आणि ती रोज प्रयोगशाळेतून थेट येऊन त्याच्या उशाशी बसत होती. त्याच कपड्यांत.

“माझ्या कपड्यांवरून तर आली नसेल?” तिने विचारलं.

“अहो, ही हवेत सगळीकडे असते,” डॉक्टर म्हणाले. तिलाही ते ठाऊक होतं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

त्या दिवसापासून ती दाराजवळच बसू लागली.

“बुटके, इतक्या लांब का गं? मी काय चावतो?”

“सर्दी झालीय मला.”

“असू दे. सर्दी आता माझं काय वाकडं करणार? ये, हात दे इकडे.”

“बरी झाले की येते ना, दादा.”

त्याने हात थोडा वेळ तसाच पुढे ठेवला, मग चादरीखाली घेतला. वहिनीने नणंदेकडे एकदा पाहिलं. त्याच आठवड्यात दादा गेला.

पुढे वहिनीला विचारून तिने रुग्णालयातून दादाच्या कफातली बुरशी मागवून घेतली. तिच्या प्रयोगशाळेतल्या वाणात एक खोड होती, साखळीच्या फांद्या आखूड. बाहेर हवेत फिरणाऱ्या बुरशीच्या फांद्या लांब असतात. म्हणजे फांद्या पाहिल्या की कळणार होतं, हिचं घर कुठलं ते. कामाला हात लावायचा तिला धीर होईना. सगळं सहकारी मुलीनेच केलं.

“मॅडम, लांब आहेत!” ती मशीनपाशी ओरडलीच. “आपली नाहीच ही. सुटलात तुम्ही!”

तिने पडद्यावरचा आलेख पुन्हा पुन्हा पाहिला. खरंच लांब होत्या.

म्हणजे जवळ बसता आलं असतं.

सहकारी आनंदाने चहा सांगायला गेली. तिने वहिनीला फोन लावला.

“वहिनी, ती माझ्याकडची नव्हती.”

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“बरं झालं,” वहिनी म्हणाली. “जेवलीस का?”

“हो,” ती म्हणाली, आणि फोन कानाशी तसाच धरून, उभ्याउभ्याच भिंतीला टेकली.