शेरमातबाबाची नाडी

म्हाताऱ्या उमसुनाय आपाच्या जाड लोकरी नमद्याच्या तंबूत मुंगी शिरायला जागा नव्हती. बाहेरच्या घोड्यासुद्धा माना लांबवून आत डोकावत होत्या. आपाच्या छातीत कळा येत होत्या आणि पाहुणा आलेला मांत्रिक शेरमातबाबा तिचं मरण स्वतःच्या अंगावर घेणार होता. दक्षिणा, आपाची पांढरी घोडी. मरणाच्या मानाने स्वस्तच.

"आलं! खांद्यापर्यंत आलं!" बाबाने डोळे फिरवले. "सरकारी माणसानं नाडी बघावी!"

सरकारी माणूस म्हणजे गावची नर्स झारकिन. रोग्याला तपासणं डॉक्टरचं काम, आपलं सुई-पट्टीचं, असं तिचं ठाम मत. डॉक्टर कधीमधी उगवे. तोवर तिचा स्टेथोस्कोप कुमिसच्या पखालीला लागे. आतलं घोडीचं दूध कितपत आंबलं, ते बुडबुड्यांच्या आवाजावरून कळतं.

तिने बाबाचं मनगट धरलं आणि ती पांढरीफटक पडली. "नाडी नाही!"

"ऐकलंत? मेलो मी!" बाबा म्हणाला.

आपा ताडकन उठून बसली. "मग मला कशाला इस्पितळ? ती जीप परत पाठवा."

जीप झारकिननेच मागवली होती. आपाचे ओठ निळे पडत होते, आणि आता आपल्याच एका शब्दावर म्हातारी घरी मरणार!

"बाबा, मेलेला माणूस बोलतो कसा?"

"हळूहळू मरतोय."

"मग छाती ऐकते."

"ए पोरी, ते डॉक्टरचं काम!"

"मीही हेच म्हणत आले इतकी वर्षं."

तिने स्टेथोस्कोप टेकवला. काळीज शर्यतीच्या घोड्यासारखं दौडत होतं. काळीज चालू नि मनगट बंद? तिचा हात छातीवरून खांद्याकडे, खांद्यावरून काखेकडे सरकला.

"ही ही! नको गं! मेलेल्याला असं... ही ही!"

बाबाचा हात वर गेला आणि काखेतून वाळल्या दह्याचा टणक गोळा, कुरुत, गडगडत आपापाशी आला.

"काखेत गोळा दाबला की हाताची शीर दबते," झारकिन म्हणाली. "मनगटाची नाडी थांबते. काळजाला पत्ताही नसतो. करून बघा."

सगळ्यांनी करून बघितलं. तंबूभर मढी खिदळू लागली.

आपाने गोळा हुंगला. "मेल्या! पाहुणा म्हणून दिलेला माझाच कुरुत!"

झारकिनने आता आपाची छाती ऐकली. ठेके चुकत होते. "आपा, जीपमध्ये बसा. आणि लोकहो, कुणाचं मरण कुणी उसनं नेत नाही. दुखलं की तपासून घ्या. मी तपासत नसेन, तर माझा कान धरा."

आपा बरी होऊन परतली. पांढरी घोडी दारातच होती. गावात पाहुण्याला कुरुत अजूनही देतात. फक्त आधी त्याला दोन्ही हात वर करायला लावतात.