डावी भुवई

"पुढं ऐका," रागिणी म्हणाली आणि कागद डोळ्यांजवळ धरून वाचू लागली. "'त्याचं कपाळ रुंद होतं. नाक पोपटाच्या चोचीसारखं किंचित वाकलेलं आणि हनुवटीच्या मधोमध कुणी बोट दाबून ठेवावं तशी खळी. अंगात गर्द हिरवा लांब कोट, त्याला पितळी गुंड्या...'"

"अन् मानूस कसा हाय थो?" गोपालनं चहाची बशी खाली ठेवत विचारलं. "इतकं सामान सांगतलं, मानसाचा पत्ताच नाई."

"येते ना पुढं! हे इंग्रज लेखक आधी चेहरा सांगतात, मंग कपडे. मंग मानूस तोंड उघडते."

"आपल्या बार्शीटाकळीत इतकी गुंड्याईची मोजदाद केली, तं थो मानूस तवरीक निघून जाईन."

तो हसला. रागिणीनं सवयीनं कागदावरून नजर उचलली, आणि ती थबकली. गोपालनं थट्टा केली होती, पण त्याची डावी भुवई वर गेली नव्हती.

ती भुवई रागिणीच्या कामाची होती. अकोल्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ती नोकरी करायची आणि सकाळी, कामावर जाण्याआधी, पुण्याच्या एका प्रकाशकासाठी जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांचे अनुवाद करायची. त्या कादंबऱ्यांत एखादा माणूस दारातून आत आला, की लेखक त्याला तिथंच उभा करून ठेवत असे. कपाळ, भुवया, डोळ्यांचा रंग, ओठांची ठेवण, मग गळपट्टा, जाकीट, बूट. प्रकाशकाकडचे संपादक फोनवर म्हणायचे, "बाई, जरा कापा की हे. वाचक पानं उलटतो." ती कापत नसे. गळपट्ट्याच्या घड्या कशा पडतात ते कळावं म्हणून ती गळ्याला टॉवेल गुंडाळून आरशासमोर उभी राहिली होती. आणि 'त्यानं एक भुवई उचलली' असं वाक्य आलं, की ती गोपालकडे बघायची. थट्टा करण्याआधी त्याची डावी भुवई आपोआप वर जायची, शब्द मागून यायचे. कितीतरी इंग्रज साहेबांना तिनं आपल्या नवऱ्याची भुवई लावून टाकली होती.

"हसा बरं पुन्हा," ती म्हणाली.

"काहून?"

"हसा म्हनलं ना."

तो हसला. तोंड उजवीकडे ओढलं गेलं. डावा गाल जागचा हलला नाही. मग त्यानं बशी ओठाला लावली, तर चहा डाव्या कोपऱ्यातून ओघळून शर्टावर सांडला. त्यानं हातानं हनुवटी पुसली, ओल्या बोटांकडे पाहिलं आणि बायकोकडे पाहिलं.

दोघांच्याही मनात एकच शब्द आला. लकवा. गोपालचे वडील खुशालराव दर्यापूरला याच दुखण्यानं कित्येक वर्षं खाटेवर पडून होते. शेवटी शेवटी पाणी हवं तरी त्यांना नुसता आवाज करावा लागे. गोपाल त्यांना भरवायचा. घास बाहेर आला की पुन्हा आत सारायचा.

रिक्षा बोलावली, तोवर शेजारच्या ललिताबाई दारात आल्या. "बापा! हे तं वारं गेलं अंगावरून. दवाखान्यात नका नेऊ वं, बाळापूरले एक जन तेल देते..."

"आधी डॉक्टर, ललिताताई," रागिणी म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर शाल टाकून निघाली.

रिक्षात तिनं आपला हात त्याच्या डाव्या हातात दिला. "दाबा."

त्यानं दाबला. विहिरीवरच्या मोटारीचे गंजलेले बोल्ट सोडवणारा हात तो. तिची बांगडी मनगटात रुतली.

"अजून."

"मोडीन ना तुहा हात!"

"मोडू द्या," ती म्हणाली. तो दुखरा हात तिनं दवाखान्यापर्यंत सोडवून घेतला नाही.

डॉक्टर अरीबा तरुण होत्या आणि घाई नसल्यासारख्या बोलायच्या. त्यांनी रक्तदाब घेतला, साखर बघितली, हातपाय उचलायला लावले, रेषेवरून चालवलं. मग विचारलं, "कधीपासून आहे हे?"

"आजच्यानं," गोपाल म्हणाला. बोलताना त्याच्या 'प'मधून हवा निसटत होती. "परवापासून कानामागं ठनकून राह्यलं होतं. थंडीत गाडीवर फिरना होते, हरभऱ्याच्या वावराईत मोटारी बसवतो मी. म्हनलं, वारं लागलं असंन."

"चेहरा नक्की आजच? काल नव्हता वाकडा? नीट आठवा, त्यावर औषध ठरतं."

गोपालला काय आठवणार? स्वतःचा चेहरा कुणाला दिसतो? रागिणीनं डोळे मिटले. अवघड वाक्य आलं की ती असेच मिटायची. काल दुपार. काल दिवेलागण. गोपाल ओट्यावर बसून धाकट्या भावाशी, बंडूशी, फोनवर बोलत होता. 'तुही बायको माहेरी गेली तं सैपाक कोन करून राह्यलं, म्हशी का?' असं विचारलं होतं त्यानं. त्याआधी?

"काल दिवेलागणीला भुवई वर गेली होती," ती म्हणाली. "डावी. ओठांचे दोन्ही कोपरे सारखे होते. रात्री जेवताना मात्र यांनी पाण्याचा पेला दोनदा पुसला. तेव्हा मला वाटलं, पेला ओला आहे."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता वर पाहिलं. "नातेवाईक इतकं नेमकं सांगत नाहीत कधी."

"मी चेहरे लिहिते," रागिणी म्हणाली. याहून नीट सांगता आलं नाही तिला.

"काका, कपाळाला आठ्या घाला बघू. रागावल्यासारख्या."

उजव्या बाजूला आठ्या उमटल्या. डावी बाजू सपाट राहिली. पण डॉक्टरांचा चेहरा सैल झाला.

"हे बरं लक्षण आहे," त्या म्हणाल्या. "मेंदूचा झटका असता ना, तर सहसा कपाळ हललं असतं आणि फक्त खालचा चेहरा ओढला गेला असता. हातापायांत ताकद आहे, चाल सरळ आहे. तुम्हाला वाटतोय तो लकवा नाही हा. चेहऱ्याची एक नस सुजली आहे. तुम्ही लगेच आलात, औषध आजच सुरू करू. बहुतेकांचं भरून येतं. थोडं कुठं राहिलंच, तर राहतं."

"खाटीवर नाई ना पडत मानूस?" गोपालनं विचारलं.

"नाही हो, काका. डोळा तेवढा सांभाळायचा. तो मिटत नाहीये. दिवसा थेंब टाका, झोपताना पट्टी लावा."

रागिणी गोपालला घेऊन बाहेरच्या बाकावर आली. ती तोंडाला पदर लावून बसली.

"रडून राह्यली का हासून राह्यली?" गोपालनं विचारलं.

"मलेच समजत नाई," ती म्हणाली. मग त्याच्या शालीत तोंड घालून ती दवाखान्याच्या त्या गर्दीत मोकळेपणानं रडली, आणि तो तिच्या पाठीवर थोपटत राहिला.

जीव वाचला होता. आता चेहऱ्याचं काय, हा प्रश्न होता, आणि तो गोपालला दवाखान्यापेक्षा जड गेला. तो आपल्या मोटारदुरुस्तीच्या दुकानात जाईना. कुणी मोटार घेऊन घरी आलं, तर तोंडावर दुपट्टा ओढून बोलायचा. आरशाकडे बघत नसे. जेवताना रागिणीकडे उजवी बाजू करून बसे आणि ती पाहायला लागली की म्हणे, "इकडं नको पाहू वं."

तिचंही काम अडलं. कागद समोर घेतला की तिला त्या लेखकांचं नवल वाटायचं. पहिल्या भेटीत एकदा चेहरा सांगितला, की पुस्तकभर तो तसाच. नाक तिथंच, खळी तिथंच, कोट तोच. एका रात्रीत कुणाचं कपाळ सपाट होत नाही, पाणी पिताना कुणाचा ओठ फितूर होत नाही. असल्या चेहऱ्याला शब्द कुठून आणायचे?

एका सकाळी गोपाल आपणहून तिच्या टेबलापाशी आला. तोंडावरचा दुपट्टा त्यानं काढला आणि खुर्चीत बसला, अगदी समोर.

"सांग," तो म्हणाला. "कसा दिसतो मी? तुह्या थ्या इंग्रजावानी सांग. वरून खालपर्यंत. काई लपवजो नको."

रागिणीनं पेन खाली ठेवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण असं समोर बसवून तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"कपाळ रुंद," ती सावकाश म्हणाली. "उजव्या अंगाले आठ्या, डाव्या अंगाले इस्त्री केल्यासारखं. केस पांढरे, पन कानावर अजून काळे. डावा डोळा उजव्यापेक्षा मोठा दिसते, त्याच्यात पानी हाये. डावा गाल उतरला. तोंड उजवीकडं सरकलं, हसले की जास्त सरकते." ती थांबली. त्यानं नजर हटवली नाही, म्हणून पुढं बोलली. "दाढी तीन दिवसाची. अंगात खाकी शर्ट, खिशाले ग्रीसचा डाग. वरची गुंडी तुटली."

त्यानं खिशावरचा डाग पाहिला, तुटलेल्या गुंडीच्या जागी बोट लावलं.

"इतकंच?" मग त्यानं विचारलं.

"इतकंच."

"मले वाटलं, लय भेसूर झालो." त्यानं गालावरून हात फिरवला. "गुंडी लावून दे बरं. वानखेड्याची मोटार पडली हाये दुकानात, त्याचा गहू वाळून जाईन."

तिनं तिथंच, शर्ट अंगात असतानाच, गुंडी शिवून दिली आणि दातांनी दोरा तोडला. दुपट्टा खुर्चीवरच सोडून तो निघाला. दुकानावर दोन-चार जणांनी विचारलं, एकानं टक लावून पाहिलं. संध्याकाळी परत आला तेव्हा त्याच्या हाताला काळं लागलं होतं आणि त्याला कडकडून भूक लागली होती. रागिणीनं हिरव्या कोटाचा परिच्छेद एकही शब्द न कापता पुण्याला पाठवला.

उन्हं तापायला लागली तशी एकेक गोष्ट परत आली. आधी शिट्टी, मग चूळ भरता येऊ लागली. बंडूच्या मुलीच्या साखरपुड्यात गोपालनं व्याह्यांची अशी थट्टा केली, की रागिणी दुसऱ्या टोकाला बायकांत बसून नुसत्या आवाजावर हसली.

चैत्रातल्या एका दुपारी ती कामावरून लवकर आली. गोपाल कूलरसमोर चटईवर झोपला होता. डोळ्यावर पट्टी नव्हती, लावायची विसरला असावा. ती पट्टी घेऊन आली, त्याच्या उशाशी वाकली, आणि तिला दिसलं की डावी पापणी आपली आपण खाली आली आहे. पूर्ण नाही. तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी फट राहिली होती, आणि ती बहुधा राहणारच होती.

तिनं पट्टी खाली ठेवली. कूलरचं तोंड तेवढं हळूच दुसरीकडे वळवलं, म्हणजे त्या फटीला वारं लागणार नाही.