पुरा न झालेला रोल

काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर बसवलेला जुना कॅमेरा, तो मी. पाहुणे आले की मला खाली काढतात, "वा, काय ऐट आहे!" म्हणतात आणि पुन्हा जागेवर ठेवतात. माझ्या पोटात आता काही नाही. एके काळी होतं. तेवढं सांगावं म्हणून तोंड उघडलंय.

माझ्या अंगात बॅटरी नाही. सगळा कारभार स्प्रिंगांचा आणि दात्यांच्या चाकांचा. माझ्या खिडकीतून पाहिलं की माणूस दोन दिसतो. एक खरा आणि एक त्याच्या शेजारी रेंगाळणारा, फिकट. लेन्सभोवतीची कडी फिरवून त्या दोघांना जवळ आणायचं. दोघांचा एक झाला की खटका दाबायचा.

माझा पहिला मालक हौशी होता, हौस फिटल्यावर त्याने मला जुन्या वस्तूंच्या दुकानात टाकलं. तिथे मला एका टेलरने उचललं.

"अहो, आपण इस्त्री घ्यायला आलो होतो ना?" त्याची बायको म्हणाली.

"इस्त्री काय, कुणीही घेतं," म्हणत त्याने मला डोळ्याला लावलं आणि तिच्यावरच नेम धरला. तिने झटकन पदर तोंडावर घेतला. "माझा कसला फोटो काढताय? भिंत काढा, बरी येईल."

पुढे जन्मभर हेच चाललं. मी तिचा पदर पाहिला, पाठ पाहिली, पिठाचा हात तोंडापुढे धरलेला पाहिला. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहायची आणि हा आपल्या शिवणाच्या खुर्चीत बसून मला तिच्यावर रोखायचा. टेलरच तो! एकदा त्याने खुर्चीपासून उंबऱ्यापर्यंतचं अंतर चक्क टेपने मोजलं. तेव्हापासून कडी कुठे आणून थांबवायची हे त्याच्या बोटांना पाठ झालं.

ती काटकसरी होती. "रोल पुरा झाल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही," असा तिचा दंडक. अर्धवट काही टाकणं तिला पाप वाटे.

शेवटच्या आजारपणात एका सकाळी ती भिंतीला धरून उंबऱ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "घ्या काढून एकदाचा." तोंडापुढे हात नाही, पदर नाही. सरळ आमच्याकडे पाहिलं तिने. हसलीसुद्धा. मी डोळा उघडला आणि मिटला.

ती गेली. रोल अर्धाच राहिला. त्याला पुढचं चित्र काढवेना आणि तिचा शब्द मोडून रोल बाहेरही काढवेना. हळूहळू त्याची नजर गेली, हातातली सुई सुटली. मी उशापाशी होतो, पोटात तिला घेऊन.

मग मुलाने खोली रिकामी करायला घेतली. मला विकायचं ठरलं. म्हातारा विरोधात गेला नाही. इतकंच म्हणाला, "आत रोल आहे रे. आधी परत गुंडाळून घे, मग झाकण उघड. उजेड लागला तर सगळं जाईल. त्यात तुझी आई आहे."

"हो बाबा, हो," मुलगा म्हणाला. नजर मोबाइलमध्ये होती.

विकत घेणारा आला, गोड बोलणारा, जुन्या कॅमेऱ्यांचा शौकीन. बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या उन्हात त्याने मला फिरवून पाहिलं. रोल पुढे सरकवायची दांडी ओढली, तशी रोल गुंडाळायची वरची खुंटी आपोआप फिरली. आत रोल असल्याशिवाय ती अशी फिरत नाही. त्याने ते पाहिलं. त्याचा अंगठा क्षणभर थांबला. मग म्हणाला, "मागचं झाकण उघडून बघू का? आत शटरच्या पडद्याला भोक नाही ना, पाहायला हवं."

"उघडा की. आता तुमचाच आहे."

कट्‌! ऊन आत शिरलं. तिचा चेहरा उघडा झाला होता तोही एकदाच, आणि पुसला गेला तोही एकदाच.

"अरे, रोल होता वाटतं," घेणारा म्हणाला.

मुलगा वरमला. सुनेने ती लांबलचक पट्टी ओढून काढली, चुरगळली आणि केराच्या डब्यात दाबली. "सांगू नका आता. उगीच रडारड."

आतून आवाज आला, "काय उघडलं रे?"

"रोल काढला बाबा. धुवायला देतोय."

"गुंडाळल्याचा आवाज नाही आला. करकर होते बराच वेळ."

"तुमचा डोळा लागला होता, बाबा," सून म्हणाली.

म्हाताऱ्याचे डोळे गेले होते, कान नव्हते गेले. तो म्हणाला, "हो. लागला असेल. एकदा कॅमेरा हातात द्या."

त्यांनी मला दिलं. त्याने माझी कडी फिरवली, बरोबर उंबऱ्यापर्यंतच्या अंतरावर आणून थांबवली. मला आंधळ्या डोळ्याला लावलं आणि खटका दाबला.

मुलगा हसला. "बाबा, आत काही नाहीये आता."

"माहीत आहे," म्हातारा म्हणाला. "झाला पुरा. न्या."

घरी आल्यावर नव्या मालकाने आपल्या बायकोला सगळं रंगवून सांगितलं. "रोल आहे म्हटलं असतं तर म्हाताऱ्याने तो पुरा होईपर्यंत कॅमेरा सोडलाच नसता." ती "अगंबाई" म्हणाली आणि त्याला चहा दिला.

देव सगळं पाहतो म्हणतात. त्या दिवशी मीही पाहिलं. दोघंही काही बोललो नाही. पण माझी श्रद्धा आहे, की ज्याने तिला त्या सकाळी उंबऱ्यापर्यंत आणलं, त्याच्यापाशी तिची एक प्रत असेलच, आणि म्हाताऱ्याला ती बघायला मिळेल.

तुम्हाला हात जोडून एकच मागतो. कुणाच्या घरातली जुनी वस्तू घ्यायला गेलात, तर उघडण्याआधी आतल्या खोलीत कोण झोपलंय ते विचारा. आणि खुंटी फिरली, तर तोंडाने बोला.